महाराष्ट्रात आलेले, महाराष्ट्रात राहणारे: स्थलांतर, मराठी आणि शेजार यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कल्याण-डोंबिवली पट्ट्यात आम्ही काही जण अमराठी लोकांसाठी संध्याकाळी मराठीचा वर्ग चालवतो. वर्गाच्या निमित्ताने दोन्हीकडचे प्रश्न येतात. "ही माणसं मराठी का शिकत नाहीत?" असं विचारणारे मराठी लोक असतात आणि "शिकायचंय, पण आमच्याशी मराठीत बोलतंय कोण?" असं विचारणारे बाहेरून आलेलेही असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आमची भूमिका आधीच सांगतो. मराठीचा आग्रह हवाच, पण तो सरकार, शाळा, बँक आणि मालक यांच्याकडे धरायला हवा. रस्त्यावर एकट्या सापडलेल्या माणसाकडे धरलेला आग्रह मराठीच्या काहीच कामी येत नाही.

१. परप्रांतीय नक्की कोणाला म्हणायचं? पुण्यात शिकायला आलेला नांदेडचा मुलगाही बाहेरचाच ना?

कायद्यात 'परप्रांतीय' अशी व्याख्या कुठेच नाही. बोलताना आपण दुसऱ्या राज्यातून आलेल्याला परप्रांतीय म्हणतो, तेही सगळ्यांना नाही. बाणेरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या दिल्लीच्या इंजिनिअरला सहसा हा शब्द लागत नाही, भाजीच्या गाडीवाल्याला लगेच लागतो. ही निवड कशावरून होते, हे ज्याचं त्यानं मनाशी तपासावं.

जनगणनेचा हिशेब वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. त्यातले बहुसंख्य आपल्याच राज्यात एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेले, आणि त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा सर्वांत मोठा. साताऱ्याची मुलगी सांगलीत नांदायला गेली की तीही या आकड्यात येते.

महाराष्ट्रातलं एक फार मोठं आणि फार हालाचं स्थलांतर तर पूर्णपणे मराठी माणसांचंच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीच्या हिशेबातली एक जोडी. पोरांची शाळा सुटते, रेशन गावाकडे राहतं, फडाशेजारच्या पालात शौचालय नसतं. या माणसांना कोणी परप्रांतीय म्हणत नाही, पण बाहेरून आलेल्या मजुराचे जे हाल होतात तेच सगळे यांच्या वाट्याला येतात.

२. कोणीही उठून महाराष्ट्रात येऊन राहू शकतं का? परवाना पद्धत लावता येणार नाही का?

भारताचा नागरिक देशात कुठेही जाऊ शकतो आणि कुठेही स्थायिक होऊ शकतो. हा संविधानाच्या अनुच्छेद १९ मधला मूलभूत हक्क आहे. सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर इथे जाण्यासाठी जो इनर लाइन परवाना लागतो, त्याचं मूळ १८७३ च्या ब्रिटिशकालीन नियमात आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी अशी कोणतीही तरतूद नाही आणि राज्य सरकारला ती स्वतःच्या अधिकारात करताही येणार नाही.

३. मुंबई तर मराठी माणसानं उभी केली. मग बाकीचे कधी आले?

जवळजवळ बरोबरच आले. बेटांवर आधीपासून कोळी, भंडारी, पाठारे प्रभू होते. १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरीहून, घाटावरून माणसं यायला लागली. त्याच काळात, १८५७ च्या उठावानंतर, उत्तर भारतातले मोमीन विणकर येऊन मदनपुऱ्यात स्थिरावले. तेलंगणकडून आलेल्या कामाठी मजुरांचं नाव कामाठीपुऱ्याला मिळालं. पारशी, भाटिया, गुजराती व्यापारी गिरण्यांचे मालक होते. तेव्हा 'आधी आपण आणि मागाहून सगळे' असा क्रम लावला, तर इतिहास काही साथ देत नाही.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गिरणगावातल्या एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे कोकणातले पुरुष, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, दर महिन्याला गावी जाणारी मनीऑर्डर यांच्या कष्टांवर मुंबई श्रीमंत झाली. हे शहर महाराष्ट्रात राहावं म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसांनी प्राण दिले, तेव्हा कुठे १ मे १९६० चा दिवस उजाडला. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बहुतेक कामगार पुन्हा कधी गिरणीत गेलेच नाहीत. त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगारांची नातवंडं आज बदलापूर-विरारहून लोकल पकडतात.

मराठी माणसाच्या मनातला राग पुष्कळदा या विस्थापनाचा आहे, आणि तो रास्त आहे. पण त्याचा निचरा टॅक्सीवाल्यावर होतो. गिरण्यांच्या जमिनीचा एकही सौदा टॅक्सीवाल्यानं केलेला नाही.

४. मराठी टक्का खरंच घसरलाय की ही नुसती ओरड आहे?

मुंबईपुरतं बोलायचं तर घसरलाय. मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे ४५ लाख २४ हजार होते, २०११ मध्ये ४४ लाख ४ हजार झाले. त्याच दहा वर्षांत हिंदी सांगणारे सुमारे २५ लाख ८८ हजारांवरून ३५ लाख ९८ हजारांवर गेले. सबंध राज्यात मराठी मातृभाषा असलेले २०११ मध्ये सुमारे ६९ टक्के होते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. जनगणना भोजपुरी, मारवाडी आणि अशा कितीतरी भाषा हिंदीच्या खात्यात टाकते, त्यामुळे 'हिंदी' हा एकजिनसी गट नाही. दुसरं म्हणजे मराठी माणूस मुंबईतून बाहेर पडला, तो घरांच्या किमतींमुळे. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. लालबागची खोली विकून डोंबिवलीत ब्लॉक घेतलेली कुटुंबं आमच्याच इमारतीत किती तरी आहेत. त्यांना कोणी हाकललं नव्हतं, पण वाढत्या संसाराला तिथे दुसरी खोली परवडत नव्हती.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे कोणी आजचा टक्का छातीठोकपणे सांगत असेल तर आकडा कुठला, हे जरूर विचारा.

५. आमच्या नोकऱ्या त्यांनी घेतल्या, यात तथ्य आहे का?

प्रत्येक कामाचं उत्तर वेगळं आहे.

बांधकाम, प्लंबिंग, पीओपी, लाद्या बसवणं, वॉचमनची बारा तासांची पाळी, डिलिव्हरी या कामांत बाहेरचा मजूर जास्त दिसतो, कारण कंत्राटदाराला तोच सोयीचा पडतो. तो साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहतो आणि रात्री दहालाही हाक मारली की येतो. संध्याकाळी त्याला घरी जायचं नसतं, युनियन करायला इथे त्याची ओळख नसते. महिनाभराची मजुरी अडकवली तरी गावाकडून कोणी भांडायला येत नाही. ही मजुराची चलाखी नाही, अगतिकता आहे आणि तिचा फायदा कंत्राटदार घेतो. किमान वेतन आणि कामाचे तास यांची तपासणी कडक झाली तर ही 'सोय' संपेल आणि स्थानिक मुलालाही ते काम करणं शक्य होईल.

कारखान्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात जुनी अट आहे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि बाकीच्या जागांवर किमान ८० टक्के स्थानिक घ्यावेत, असा शासन निर्णय २००८ मध्ये पुन्हा काढला गेला. तो धाब्यावर बसवायचा सोपा मार्ग म्हणजे कंत्राटी भरती. कंत्राटातली माणसं कंपनीच्या पटावर धरलीच जात नाहीत. तुमच्या एमआयडीसीत हेच चाललं असेल तर माहितीच्या अधिकारात जिल्हा उद्योग केंद्राकडे आकडे मागा. अशी एक विचारणा दहा मोर्च्यांइतकं काम करते, असं आमचं मत आहे.

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत मराठी मुलं मागे पडायची त्याचं एक कारण भाषा होतं. २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. आज ती परीक्षा मराठीतून देता येते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतली कॉन्स्टेबल भरतीची परीक्षाही २०२४ पासून मराठीत आहे. हे कितीतरी मुलांना ठाऊकच नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

६. हरियाणानं स्थानिकांना ७५ टक्के राखीव जागांचा कायदा केला. आपण का करत नाही?

तो कायदा आता उरलेला नाही. महिना ३० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांना तो लागू होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटक मंत्रिमंडळानं जुलै २०२४ मध्ये असंच विधेयक मंजूर केलं आणि उद्योगांनी विरोध करताच दोन दिवसांत बाजूला ठेवलं. सरकारी नोकरीत रहिवासाची अट घालायची झाली तर अनुच्छेद १६ नुसार तो अधिकार फक्त संसदेला आहे. जन्मस्थानावरून सरकारी नोकरीत भेदभाव करायला तर सरळ मनाई आहे.

७. डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला, कधी मिळतो? भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही मिळतो का?

महाराष्ट्रात साधारणपणे १५ वर्षांचं सलग वास्तव्य दाखवावं लागतं. घर स्वतःचं असण्याची अट नाही. शाळेचे दाखले, वीजबिलं, रेशनकार्ड, जुने भाडेकरार अशा कागदांवरून वास्तव्य सिद्ध करता येतं. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात होतो. चाळीत तोंडी करारावर राहिलेल्या कुटुंबांचं इथेच अडतं. भाडं वर्षानुवर्षं दिलेलं असतं, कागद एकही नसतो. म्हणून वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो, मुलांच्या शाळेचा प्रत्येक कागद जपून ठेवा.

सीमाभागाचा अपवाद मराठी वाचकांनी लक्षात ठेवावा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांमधलं वास्तव्य महाराष्ट्र सरकार काही कामांसाठी इथलंच धरतं.

वैद्यकीय प्रवेशांबद्दल बरेच पालक विचारतात. पदव्युत्तर वैद्यकीय जागांवर रहिवासाच्या आधारे आरक्षण देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये दिला. एमबीबीएसच्या प्रवेशाला तो निकाल लागू नाही.

८. आमच्या राज्यात आम्ही अनुसूचित जातीत आहोत. मुंबईत तो दाखला चालेल का?

महाराष्ट्र सरकारच्या नोकरीला आणि प्रवेशाला चालणार नाही. जात एकच असली, दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी नाही. या विषयावरचा १९९० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुंबईतल्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून आला होता आणि २०१८ मध्ये घटनापीठानं तीच भूमिका कायम ठेवली. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी दाखला चालतो, मूळ राज्यातही चालतो.

इथलाच दाखला हवा असेल तर कुटुंब ठरावीक तारखेआधीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. जातीचा जाच राज्याची सीमा ओलांडली म्हणून थांबत नाही, मग सवलत का थांबावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. कायदा आज असा आहे. त्यातून निघणारा पेच प्रश्न १६ मध्ये पाहा.

९. महाराष्ट्रात मराठी बोलणं सक्तीचं आहे का?

बोलणाऱ्या व्यक्तीवर सक्ती नाही, पण बऱ्याच संस्थांवर आहे, आणि हा फरक फार कमी लोकांना माहीत असतो.

राज्याचा कारभार १९६४ च्या राजभाषा अधिनियमानुसार मराठीत चालतो. फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयानुसार सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत कर्मचाऱ्यांनी मराठीतच बोलायचं आहे. मात्र समोरचा माणूस परदेशी, परराज्यातला किंवा मराठी न येणारा असेल तर सूट आहे. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही त्यात आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. बँकांना रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे फलक आणि ग्राहकांसाठीचे छापील कागद स्थानिक भाषेतही ठेवावे लागतात.

म्हणजे शाखेत मराठी फॉर्म नसेल तर मॅनेजरकडे लेखी तक्रार करा, तो तुमचा हक्क आहे. मात्र काउंटरवर बसलेली मुलगी गेल्याच महिन्यात पाटण्याहून बदलून आली असेल, तर तिच्या तोंडासमोर मोबाईल धरून "मराठीत बोल" म्हणणं हा हक्क नाही.

१०. मराठी येत नाही म्हणून कोणी मारलं तर काय करायचं? आणि कोणी मराठीचा अपमान केला तर?

मारहाण हा गुन्हा आहे, कारण काहीही असो. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, व्हिडिओ जपून ठेवा, लागलं असेल तर सरकारी रुग्णालयात नोंद करा. भाषा किंवा जन्मस्थान यांवरून समाजात तेढ पसरवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागू होऊ शकतं, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

"नाही बोलणार मराठी, काय करशील?" असं कोणी मुद्दाम डिवचलं तर संताप येतो. आम्हालाही येतो. तिथे ठामपणे, मराठीतच उत्तर द्या, दुकान असेल तर गिऱ्हाईक म्हणून उठून या. कानाखाली मारलेल्याचा व्हिडिओ चार दिवस फिरतो आणि त्या भागातला प्रत्येक अमराठी माणूस मराठीला घाबरायला लागतो. जुलै २०२५ मध्ये, मराठीवरून दुकानदाराला मारहाण झालेल्या मीरा-भाईंदरच्या प्रकरणानंतर, आमच्या वर्गात नवे विद्यार्थी आले खरे, पण पहिला प्रश्न होता, "कोणी अडवलं तर कोणती दोन वाक्यं म्हणायची?" भीतीपोटी आलेले त्यातले बरेच जण वातावरण निवळल्यावर यायचे थांबले.

११. मला मराठी शिकायचंय, पण मी तोंड उघडलं की सगळे हिंदीत बोलायला लागतात. मी काय करू?

हा आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि यात चूक मराठी माणसाची आहे. समोरचा अडखळला की आपण मदत म्हणून हिंदीवर जातो. त्या मदतीनं त्याचं शिकणं तिथेच थांबतं.

वर्गातला एक अनुभव सांगतो. दरभंग्याकडचा एक वॉचमन येतो. पहिल्या दिवशी त्यानं व्याकरण मागितलं नाही, गेटवरच्या रजिस्टरची पानं फोटो काढून आणली होती. 'पाहुणे', 'कुरिअर', 'गॅसवाला', 'लिफ्ट बंद', 'टाकीचं पाणी उशिरा येईल' अशा नोंदी सोसायटीतले लोक मराठीत लिहायचे आणि त्याला वाचता यायच्या नाहीत. देवनागरी त्याला येतच होती, अडायचं फक्त 'ळ' पाशी आणि शब्दांच्या अर्थापाशी. आम्ही ते रजिस्टरच पाठ्यपुस्तक केलं. दोन-तीन आठवड्यांत तो स्वतः लिहायला लागला: "बी विंग, नळ गळतो, प्लंबरला सांगितले." सेक्रेटरीकाकांनी खाली मराठीतच "ठीक आहे" लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेवढं दाखवायला तो वर्ग सुरू होण्याआधीच येऊन बसला होता.

शिकणाऱ्यांना तीन सूचना. आपल्या कामातले शब्द आधी घ्या. "माझ्याशी मराठीत बोला, मी शिकतोय" हे वाक्य पाठ करा आणि निर्लज्जपणे वापरा. आणि 'तू-तुम्ही'ची चूक होईल म्हणून गप्प बसू नका. वयानं मोठं दिसेल त्याला 'तुम्ही' म्हटलं की बहुतेक ठिकाणी निभावतं.

मराठी लोकांना एकच विनंती: हिंदीवर जाऊ नका, सावकाश बोला.

१२. शाळेत मराठी सक्ती, हिंदी सक्ती, यातलं काय खरं आहे?

मराठीची सक्ती आहे. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत, सीबीएसई-आयसीएसईसकट, मराठी शिकवावी लागते. टाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हिंदी पहिलीपासून तिसरी भाषा करण्याचे शासन निर्णय एप्रिल आणि जून २०२५ मध्ये निघाले, त्यांना मोठा विरोध झाला आणि २९ जून २०२५ ला सरकारनं ते मागे घेतले.

एकत्र राहण्याबद्दल बोलताना मुंबई महापालिकेच्या शाळांचं नाव क्वचितच निघतं. तिथे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शिक्षण मिळत आलं आहे. त्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळा बंद पडत आहेत, आणि त्या पटाअभावी बंद पडत आहेत. मराठी आईबापांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली, हे त्यामागचं मोठं कारण आहे. ते परप्रांतीयांच्या माथी मारू नये.

१३. "मराठी लोकांना घर देत नाही" असं मुंबईतच ऐकावं लागतं. हे कायदेशीर आहे का?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला मराठी असल्यामुळे जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मांसाहार, धर्म, एकटी बाई अशी कारणं तर रोजचीच आहेत.

सहकारी गृहनिर्माण संस्थेला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येतं (महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २३). पण सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा फक्त पारशांना सभासद करण्याचा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) वैध धरला होता, त्यामुळे संस्थेचे नोंदणीकृत उपविधी आधी वाचा.

भाड्याच्या घराची गोष्ट अवघड आहे. खासगी मालकानं जात, धर्म, भाषा यांवरून घर नाकारलं तर त्याला शिक्षा करणारा कायदा महाराष्ट्रात नाही. तो व्हायला हवा, आणि या मागणीसाठी मराठी माणूस, मुसलमान, दलित आणि ईशान्येकडून आलेली मुलं एकत्र उभी राहू शकतात.

१४. गावाकडचं रेशनकार्ड आणि मतदारयादीतलं नाव इकडे आणायचं का?

रेशनसाठी कार्ड हलवायची गरज नाही. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य आधारजोडणी असेल तर कुठल्याही दुकानातून मिळतं. घरातले काही जण गावी आणि काही इकडे असतील तर धान्य वाटूनही घेता येतं. दुकानदार "हे युपीचं कार्ड आहे" म्हणून परत पाठवत असेल तर शिधावाटप कार्यालयात तक्रार करा.

मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. जिथे नेहमी राहता तिथे फॉर्म ८ भरून नाव हलवा. दोन्हीकडे ठेवणं बेकायदा आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी का निघाले, याचं एक उत्तर इथेच आहे. ज्या शहरात आपण मतदार नाही आणि रेशनच्या यादीत नाही, त्या शहरात अडचणीच्या वेळी दाद मागायला दारच नसतं. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या गावी निघालेले होते ते.

१५. बंगाली बोलणारा प्रत्येक मजूर बांगलादेशी असतो का? संशय आला तर काय करावं?

नाही. मालदा, मुर्शिदाबाद, नादिया इथून कित्येक भारतीय मजूर महाराष्ट्रात गवंडीकामाला, जरीकामाला, सोनारकामाला येतात. बोलीवरून किंवा नावावरून नागरिकत्व ठरत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपार पाठवलं गेलं आणि ते भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावं लागलं. बेकायदा आलेल्या परदेशी नागरिकावर कारवाई करणं हे सरकारचं काम आहे आणि ते पुराव्यानं, कायद्याच्या वाटेनं व्हावं. सोसायटीनं किंवा गल्लीनं कागद तपासत फिरू नये. आधारकार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, पण ते नसणं हा परदेशी असल्याचा पुरावाही नाही.

याच धर्तीवर गुन्हेगारीबद्दल विचारलं जातं. तुरुंगातल्या परराज्यातल्या कैद्यांचे आकडे दाखवणाऱ्यांनी एक गोष्ट जमेस धरावी: जामिनाला स्थानिक जामीनदार लागतो आणि इथे ओळख नसलेला माणूस किरकोळ खटल्यातही आतच राहतो.

१६. माझा जन्म ठाण्याचा, शाळा ठाण्याची, मराठी तुमच्यासारखीच बोलतो. आई-वडील जौनपूरचे. मी अजून परप्रांतीयच का?

तुम्ही नाही. तरीही आडनाव ऐकून "मूळचे कुठले?" हा प्रश्न येतच राहील, हेही खरं आहे. गोव्यात तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घराला अजून 'घाटी' ऐकावं लागतं. विटा-खानापूरकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायला देशभर गेले, त्यांच्या तिकडे जन्मलेल्या मुलांनाही हेच सोसावं लागतं. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाला तर तिथल्या मुख्य धर्मपीठानं विवाहासाठी पूर्ण ज्यू मानायला खळखळ केली. त्यांनी निदर्शनं केली, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला. तो समाज आजही तिकडे महाराष्ट्राची आठवण ठेवून आहे आणि म्हणून कमी इस्रायली ठरत नाही. तुम्ही जौनपूरशी नातं ठेवलंत तर तुमचं ठाणेकर असणं कमी होत नाही.

तुमचा खरा पेच कागदांचा आहे. डोमिसाईल तुम्हाला मिळेल (प्रश्न ७). पण घर इतर मागासवर्गातलं असेल आणि वडील १९६७ नंतर आले असतील, तर महाराष्ट्राच्या सवलती मिळत नाहीत. वडिलांच्या मूळ दाखल्यावरून मिळणारं प्रमाणपत्र केंद्राच्या नोकऱ्यांना आणि उत्तर प्रदेशात चालतं. म्हणजे ज्या राज्यात तुम्ही एक दिवसही शिकला नाहीत तिथे तुम्ही आरक्षणाला पात्र, आणि जिथे जन्मलात तिथे खुल्या वर्गात. वडिलांचा मूळ दाखला अजून काढला नसेल तर ते हयात आणि हिंडतेफिरते असतानाच जौनपूरच्या तहसिलीतून काढून घ्या. नंतर एकट्यानं तिथे जाऊन कागद जमवताना आमच्या दोन विद्यार्थ्यांची अक्षरशः दमछाक झाली. अर्जाचा नमुना आणि लागणाऱ्या कागदांची यादी वर्गात मिळेल.